शोधायचे कसे, हे शिकवायचे कोणी?

अमरावतीच्या एखाद्या महाविद्यालयातील इतिहासाच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी विषय मिळतो : अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळातील वऱ्हाडचा कापूस व्यापार. विषय उत्तम आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसाला एकाएकी अपूर्व भाव आला, एवढे त्याला वर्गात सांगितलेले असते. घरी जाऊन तो मोबाइलवर ‘अमरावती कापूस इतिहास’ असे शब्द टाकून शोध घेतो. समोर येतात ते आजचे बाजारभाव, खरेदी केंद्रांच्या बातम्या आणि एकमेकांवरून उतरवून घेतलेली दोन-चार पाने. तासाभराने विद्यार्थी निष्कर्ष काढतो की या विषयावर ‘माहिती उपलब्ध नाही’. मग त्या दोन-चार पानांवरच प्रकल्प उभा राहतो.

माहिती असते, ती दुसऱ्या नावांखाली असते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कागदपत्रांत अमरावतीचे नाव आजच्यासारखे लिहिलेले नाही. ‘उमरावती’ या तेव्हाच्या उच्चारावरून इंग्रजांनी तीन-चार प्रकारची स्पेलिंगे केली होती आणि मुंबई व लिव्हरपूलच्या बाजारात इकडचा कापूस ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई. अचलपूर त्या कागदांत ‘एलिचपूर’ आहे आणि वऱ्हाड ‘बेरार’. पण सरकारी दप्तरात तेवढ्यानेही भागत नाही. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. तेव्हापासून १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडला जाईपर्यंत त्याचे अधिकृत नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे होते. आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले १८७० चे गॅझेटियर याच नावाने लावलेले सापडते. १९०३ नंतरचे अहवाल ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावाखाली, १९५६ नंतरचे द्वैभाषिक मुंबई राज्याच्या आणि १९६० नंतरचे महाराष्ट्राच्या नावाखाली आहेत. एकाच जिल्ह्याची शंभर वर्षांची आकडेवारी हवी असेल, तर चार कपाटे उघडावी लागतात.

ही नामांतरे इतिहासाच्या प्राध्यापकांना ठाऊक असतात. कोणता अहवाल कोणत्या नावाखाली, कोणत्या संग्रहात, छापील की डिजिटल स्वरूपात मिळेल, हे ग्रंथपालांना ठाऊक असते. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर योग्य शब्द टाकले, की ‘उपलब्ध नाही’ म्हटलेल्या विषयावर कागद निघू लागतात. कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिहिलेले अहवाल आहेत. आधुनिक अभ्यासांत लक्ष्मण सत्या यांचा वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांवरील १९९७ मधील इंग्रजी ग्रंथ आहे. अडचण एवढीच की हे दोन जाणकार विद्यार्थ्याला क्वचितच एकत्र भेटतात. प्राध्यापक विषय देतात आणि ग्रंथालयात जायला सांगतात. ग्रंथपाल पुस्तक मागितले की काढून देतात. या दोहोंमधल्या टप्प्यात, म्हणजे प्रश्न तयार करणे, शब्द निवडणे, सापडलेले पारखणे आणि नोंद ठेवणे यांत, विद्यार्थी एकटा असतो.

हा टप्पा दोघांनी मिळून, काही भाग ऑनलाइन आणि काही भाग प्रत्यक्ष वर्गात शिकवावा, असा विचार उच्च शिक्षणात गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे. ‘ब्लेंडेड लर्निंग’ किंवा संमिश्र अध्ययन हे त्याचे नाव. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये प्रसृत केलेल्या संकल्पना टिपणात कोणत्याही अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन आणि उरलेला ६० टक्के प्रत्यक्ष शिकविण्याची मुभा सुचविली होती. करोनाच्या काळात या शब्दाचा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘व्याख्यान कॅमेऱ्यासमोर’ एवढाच उरला. संशोधन कौशल्यांच्या बाबतीत मात्र त्याचा खरा उपयोग आहे.

नियम आले, तास आले नाहीत

संशोधन हा पीएच.डी. करणाऱ्या मोजक्यांचाच प्रांत आहे, ही समजूत आता चालणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी पदवी रचना लागू झाली. तीत दुसऱ्या वर्षापासूनच क्षेत्रप्रकल्प आहेत. चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ घेणाऱ्याला १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प किंवा प्रबंधिका करावी लागते. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुणांची अट आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी संशोधनपद्धती हा चार श्रेयांकांचा विषय आहे. २०२४-२५ मध्ये प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात पोहोचेल. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले. त्यानंतर पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांकडून संशोधनाची एवढी अपेक्षा प्रथमच केली जात आहे.

चुकल्यास शिक्षाही आहे. वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या नियमावलीत प्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत दुरुस्त लेखन सादर करावे लागते. ६० टक्क्यांपर्यंत असल्यास वर्षभर सादर करता येत नाही आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते. सॉफ्टवेअर साम्य मोजते, अप्रामाणिकपणा मोजत नाही. अवतरण कोठे संपले, आपले म्हणणे कोठे सुरू झाले, दुसऱ्याचे विधान आपल्या शब्दांत मांडले तरी त्याचा उल्लेख का करायचा, हे ज्याला कधी कोणी शिकविले नाही, तोही त्याच टक्केवारीत मोजला जातो. शाळेपासून ‘नोट्स’ उतरवून घेणे हाच अभ्यास मानलेल्या विद्यार्थ्याला अखेरच्या वर्षी एकाएकी उतरवणे हा गुन्हा असल्याचे कळते.

आयोगाने २०१९ च्या अखेरीस पीएच.डी.च्या पूर्वअभ्यासक्रमात ‘संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता’ हा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा विषय अनिवार्य केला. त्याची रचना पाहिली तर ग्रंथपालांविना तो पूर्ण शिकविता येणे अवघड आहे, हे ध्यानात येते. तत्त्वज्ञान, संशोधकाचे आचरण आणि प्रकाशन नीती यांचे १५ तास प्राध्यापकांचे. उरलेल्या १५ तासांत मुक्त प्रकाशन, प्रकाशनातील गैरप्रकार आणि साम्य तपासणारी साधने, तसेच माहितीकोश व संशोधनाची मापके आहेत. हे ग्रंथालयाचे रोजचे काम आहे. म्हणजे निम्मे-निम्मे काम कागदावर आधीच वाटून दिलेले आहे. पण हा विषय विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो पीएच.डी.ला, म्हणजे सवयी पक्क्या झाल्यावर.

अकोल्यातील एक श्रेयांक

या बाबतीत कृषी शिक्षण इतर विद्याशाखांच्या पुढे आहे, ही गोष्ट शहरी वाचकांना बहुधा ठाऊक नसते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सामायिक पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘ग्रंथालय व माहिती सेवा’ हा एक श्रेयांकाचा, पूर्णतः प्रात्यक्षिक विषय अनिवार्य आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासह देशातील कृषी विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षण याच चौकटीत चालते. प्राथमिक, दुय्यम व तृतीयक माहितीस्रोत, सारसेवा व निर्देशसेवा, संदर्भ शोधणे, पूर्वसंशोधनाचा आढावा, संदर्भसूची तयार करणे, हे सारे त्यात येते. २००९ च्या आवृत्तीत सीडी-रॉमवरील माहितीकोशांचाही समावेश होता. काळ बदलला, सीडी-रॉम गेल्या, पण ग्रंथपालाने शिकवावयाचा तास वेळापत्रकात राहिला. ‘सेरा’ या कृषी नियतकालिकांच्या सामायिक सेवेला २००७ मध्ये प्रारंभ झाला आणि कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’ या डिजिटल भांडारात ठेवले जाऊ लागले. शिकवायचे काय आणि कशावर, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तयार होती.

तरीही स्वतंत्र विषयाची एक मर्यादा आहे. पहिल्या सत्रात विद्यार्थ्याला शोधतंत्र शिकविले, तेव्हा त्याच्याजवळ शोधण्याजोगा प्रश्नच नसतो. प्रश्न मिळतो पुढे, संशोधनाचा आराखडा लिहिताना, आणि तोवर ते तंत्र विसरलेले असते. पोहणे काठावर शिकवण्यासारखेच हे आहे.

हा दोष अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील अर्लहॅम या छोट्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल इव्हान फार्बर यांनी १९६० च्या दशकातच ओळखला होता. ग्रंथालयाची ओळख वर्षारंभी एकदा करून देण्याऐवजी, प्राध्यापकांनी स्वाध्याय दिला की त्या स्वाध्यायापुरतेच आणि त्याच वेळी ग्रंथपालाने शिकवावे, अशी पद्धत त्यांनी तिथे रूढ केली. ‘माहिती साक्षरता’ हा शब्द पुढे १९७४ मध्ये पॉल झुर्कोव्स्की यांनी वापरात आणला. आपल्याकडे १२ ऑगस्टला डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त महाविद्यालयांत ग्रंथपाल दिन साजरा होतो, प्रतिमापूजन आणि पुस्तक प्रदर्शन होते. वाचकाचा वेळ वाचवा, असे ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीत रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगितले होते. प्रदर्शनाने तो कितपत वाचतो, हा प्रश्नच आहे.

दोघांनी मिळून म्हणजे काय?

समजा, अकोल्यातील भूगोलाच्या वर्गाने खारपाणपट्टा हा विषय घेतला. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारे आहे आणि जमिनीचा निचरा वाईट. ‘खारपाणपट्टा’ हा मराठी शब्द वृत्तपत्रांपर्यंत नेतो, शास्त्रीय लेखांपर्यंत नेत नाही. शब्दाचे सरळ इंग्रजी भाषांतर केले, तर शोध समुद्रकिनाऱ्याकडे वाहवत जातो. शास्त्रज्ञ या विषयावर लिहितात ते पूर्णा खोऱ्यातील क्षारयुक्त व चोपण जमिनी अशा शीर्षकाखाली. क्षारयुक्त आणि चोपण यांत भेद आहे, तो प्राध्यापकांनी सांगावयाचा. तो कळल्यावर कोणते इंग्रजी शब्द जोडीने टाकायचे, कोणते वगळायचे, ‘कृषिकोश’मध्ये अकोल्याचेच प्रबंध कसे गाळून घ्यायचे आणि केंद्रीय भूजल मंडळाचे जिल्हावार अहवाल कोठे मिळतात, हे ग्रंथपालांनी दाखवावयाचे.

यातला यांत्रिक भाग ऑनलाइन देणे सोयीचे असते. लॉगिन कसे करावे, गाळणी कशी लावावी, संदर्भ कसा उतरवावा, हे प्रत्येकी आठ-दहा मिनिटांच्या चित्रफितींत बसते आणि विद्यार्थी ते हवे तेव्हा, हवे तितक्यांदा पाहू शकतो. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट येथून एसटीने येणाऱ्या मुलामुलींना शेवटच्या गाडीची वेळ गाठायची असते. तास संपल्यावर ग्रंथालयात थांबा, हा सल्ला त्यांच्या उपयोगाचा नाही. मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याकडे नेटवर्कचा भरवसा नसल्याने चित्रफीत उतरवून घेता येईल अशी, शिवाय दोन पानांचे छापील टिपणही, द्यावे लागते. याचा विचार न करता केलेली ऑनलाइन व्यवस्था सर्वांत गरजू विद्यार्थ्यालाच बाहेर ठेवते.

पारख मात्र समोरासमोरच शिकविता येते. प्रत्येकाने घरून तीन संदर्भ शोधून आणायचे आणि तास ग्रंथालयातच घ्यायचा. तुमच्या विधानाला हा पुरावा पुरतो का, असे प्राध्यापकांनी विचारायचे; इथवर कसे पोहोचलात, आणखी कोणते शब्द टाकून पाहिले, असे ग्रंथपालांनी. दोघांचे एखाद्या संदर्भाविषयी मतभेद झाले, तर तो तास वाया गेला असे समजण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यांनी पाहावे असे तेच असते. सोबत एक शोध-नोंदवही ठेवायची : तारीख, टाकलेले शब्द, मिळालेले, टाकून दिलेले आणि का टाकले ते. या नोंदवहीला थोडे तरी गुण असावे लागतात. गुण नसलेले काम कोणी करीत नाही, हे प्रत्येक परीक्षार्थीला आणि परीक्षकाला माहीत आहे.

मराठी आणि स्थानिक विषयांत तर या जोडीवाचून निभाव लागत नाही. महानुभावांच्या रिद्धपूर येथे राज्यातील पहिले मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. महानुभाव पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत आहेत. लिपी वाचणारा वेगळा, पोथी कोणत्या संग्रहात कोणत्या क्रमांकाने नोंदलेली आहे हे सांगणारा वेगळा. ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात मराठी प्रबंधांची शीर्षके कोठे देवनागरीत तर कोठे रोमन लिपीत नोंदलेली आढळतात. एका लिपीत शोधणाऱ्याला दुसरीतील प्रबंध दिसत नाहीत आणि त्याच विषयावर पुन्हा नोंदणी होण्याचा धोका राहतो.

दार कोणासाठी उघडे?

कौशल्य शिकविले तरी वाचायला काही मिळाले पाहिजे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३ हजार नियतकालिके असा तिचा विस्तार आहे. पहिल्या टप्प्यात तिचा लाभ केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. वऱ्हाडात मात्र उच्च शिक्षणाचा मोठा भार खासगी शिक्षण संस्था वाहतात, डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये अमरावतीत स्थापन केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था हे त्याचे ठळक उदाहरण. त्यामुळे एकाच शहरात एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला जे नियतकालिक मोफत दिसते, ते शेजारच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला दिसत नाही, अशी स्थिती उद्भवते.

अनुदानित महाविद्यालयांसाठी २०१० मध्ये सुरू झालेली ‘इन्फ्लिबनेट’ची ‘एन-लिस्ट’ सेवा आहे. अल्प वार्षिक वर्गणीत सहा हजारांवर ई-नियतकालिके आणि लाखांवर ई-पुस्तके तीत मिळतात, आणि घरूनही. वर्गणी महाविद्यालय भरते, लॉगिन मात्र प्रत्येकाने घ्यावे लागते. विद्यार्थ्यांपर्यंत ते पोहोचलेच नाही, तर ती सेवा मूल्यांकनाच्या अहवालातील एका ओळीपुरती उरते. संमिश्र अध्ययनाचा पहिला तास त्यामुळे सर्वांचे लॉगिन सुरू करून देण्याचाच असावा, हे ओघाने आले.

यादी गेली, जबाबदारी आली

पारखेची गरज २०२५ पासून अधिक तीव्र झाली आहे. दर्जेदार संशोधनपत्रिकांची ‘यूजीसी-केअर’ यादी आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. पत्रिका निवडण्याची जबाबदारी आता संस्थांवर आहे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकांना ‘भक्षक’ असे नाव देणारे जेफ्री बील हेही अमेरिकेतील एक ग्रंथपालच होते. त्यांची यादीही जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली. यादी नसली की निकष माहीत असावे लागतात. संपादक मंडळातील नावे खरी आहेत का, परीक्षण किती दिवसांत होते, पत्रिका कोणत्या निर्देशसेवेत आहे, हे तपासायला शिकवावे लागते.

त्यात २०२२ च्या अखेरीपासून आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादयंत्रांची भर पडली. ही यंत्रे मागाल तेवढे संदर्भ देतात. लेखकाचे नाव खरे, पत्रिकाही खरी, आणि तो लेख मात्र कधी लिहिलाच गेला नाही, असे त्यांत घडते. पत्रिकेचा तो अंक उघडून पाहणे आणि लेखाचा डीओआय क्रमांक तपासणे एवढ्या दोन कृतींनी असा संदर्भ उघडा पडतो. पण त्या दोन कृती करायची सवय विद्यार्थ्याला आधी लागलेली हवी.

वेळापत्रकातील नाव

हे सारे करायला कायद्याची आडकाठी नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये शिक्षकाच्या व्याख्येतच महाविद्यालयीन ग्रंथपालांचा समावेश आहे. विद्यापीठ ग्रंथालयाला तो कायदा ‘ज्ञानस्रोत केंद्र’ म्हणतो, आणि अमरावती विद्यापीठाचे केंद्र डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या नावाने ओळखले जाते. खुद्द जिचकारांचे खासगी ग्रंथालय त्यांच्या पदव्यांइतकेच प्रसिद्ध होते.

अडचणी साध्या आणि म्हणूनच चिवट आहेत. प्राध्यापकांचा कार्यभार तासांवर मोजला जातो. एका तासाला दोन शिक्षक उभे राहिले, तर तो तास कोणाच्या नावे लावायचा? ग्रंथपाल वर्गात गेले, तर देवघेवीच्या खिडकीवर कोण बसणार? ज्या महाविद्यालयात ग्रंथपालांच्या हाताखाली एखादाच कर्मचारी आहे, तिथे हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. चित्रफिती प्रत्येक महाविद्यालयाने स्वतंत्रपणे करण्याचीही गरज नाही. लॉगिन, गाळणी, संदर्भलेखन सर्वत्र सारखेच असल्याने विद्यापीठ पातळीवर एकदा मराठीत केलेल्या चित्रफिती पाचही जिल्ह्यांना पुरतील. महाविद्यालयाकडे मग फक्त प्रत्यक्ष तास उरतात, आणि सत्रात तीन-चार तास काढणे अशक्य नाही. मात्र ते ‘सवडीनुसार’ न ठेवता संशोधनपद्धतीच्या वेळापत्रकात, प्राध्यापक व ग्रंथपाल या दोघांच्या नावांसह छापावे लागतील, आणि तेही प्रकल्पांचे विषय वाटले जातात त्या आठवड्यात.